अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांचे शिक्के जमवण्याची मोटारसहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे कुटुंब न्यू जर्सीत राहते आणि गेली नऊ वर्षे आमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात राष्ट्रीय उद्यानांचा ‘पासपोर्ट’ म्हणून ओळखली जाणारी एक निळी पुस्तिका कायम असते. लांब सुट्टी जवळ आली की ओळखीची मराठी कुटुंबे त्या पुस्तिकेविषयी विचारू लागतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवावीत, म्हणून हा खटाटोप.

हा ‘पासपोर्ट’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीतील स्थळांना दिलेल्या भेटींची नोंद ठेवता यावी, यासाठी १९८६ साली ही पुस्तिका निघाली. देशाचे नऊ विभाग पाडून प्रत्येकाला पुस्तिकेत स्वतंत्र रंगाची पाने दिलेली आहेत. स्थळाच्या व्हिजिटर सेंटरमध्ये, बहुधा पुस्तकांच्या काउंटरजवळ, एक रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. शिक्का गोल असतो. वरच्या कमानीत स्थळाचे नाव, खालच्या कमानीत गाव आणि राज्य, आणि मधोमध त्या दिवसाची तारीख. टपाल कचेरीत पाकिटावर मारतात त्याच घाटाचा हा शिक्का, आणि तो मारण्याचे काही पैसे पडत नाहीत.

याखेरीज दरवर्षी दहा रंगीत चिकटतिकिटांचा एक संच विक्रीस येतो, त्यात एक संपूर्ण देशाचे आणि नऊ विभागांचे प्रत्येकी एक तिकीट असते. ती दिसायला सुरेख आहेत. परंतु ती घरबसल्याही मागवता येतात, शिक्क्यासाठी मात्र तिथे जाऊन उभे राहावे लागते. माझ्या लेखी खरा संग्रह शिक्क्यांचाच.

‘उद्यानां’च्या पुस्तिकेत राहती घरे, कारखाने आणि रणांगणे कशी काय?

हा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याच्या उत्तरातच या छंदाची सगळी गंमत आहे. यलोस्टोन १८७२ साली राखीव झाले आणि उद्यान सेवा २५ ऑगस्ट १९१६ रोजी स्थापन झाली, तेव्हा तिच्याकडे मुख्यतः पश्चिमेकडील डोंगर, दऱ्या आणि अरण्ये होती. पुढे १९३३ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका आदेशाने लष्कर आणि इतर सरकारी खात्यांकडची रणांगणे, स्मारके आणि राजधानीतील उद्याने याच सेवेकडे सोपवली. त्यानंतर ऐतिहासिक वास्तूंची भर पडतच गेली. आज सेवेकडे सव्वाचारशेहून अधिक स्थळे आहेत आणि त्यांपैकी नावात केवळ ‘राष्ट्रीय उद्यान’ असलेली अवघी ६३ आहेत. आपल्याकडून आलेली मंडळी त्या ६३ पैकी चार-पाच पाहून परततात आणि उरलेली साडेतीनशेहून अधिक स्थळे, ज्यांतली कितीतरी आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असतात, त्यांच्या गावीही नसतात.

विशेष म्हणजे हा आदेश काढणारे रूझवेल्ट स्वतः टपाल तिकिटांचे नामांकित संग्राहक होते. हडसन नदीकाठच्या त्यांच्या घरी आपल्या पुस्तिकेत शिक्का मारताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

सुरुवात कोठून करावी?

स्वतःच्या अंगणातून. पहिल्याच खेपेला ग्रँड कॅनियनची तिकिटे काढू नयेत. न्यू जर्सीत आणि आसपास राहणाऱ्यांसाठी आम्ही चार दिवसांचा एक मार्ग सुचवतो आणि तो आम्ही दोनदा केला आहे.

पहिल्या दिवशी वेस्ट ऑरेंज येथील थॉमस एडिसन यांची प्रयोगशाळा आणि पॅटरसनचा धबधबा. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्या मंडळींची येथे हमखास गफलत होते. ज्या एडिसन गावात आपली एवढी वस्ती आहे, त्याच गावातील मेन्लो पार्क येथे एडिसन यांची आधीची प्रयोगशाळा होती. तिथे आज मनोरा आणि लहान संग्रहालय आहे, परंतु ते उद्यान सेवेचे नव्हे, त्यामुळे तिथे हा शिक्का मिळत नाही. शिक्का मिळतो तो १८८७ साली सुरू झालेल्या वेस्ट ऑरेंजच्या मोठ्या प्रयोगशाळेत. तिथल्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमध्ये एडिसन यांच्यासाठी टाकलेली साधी खाट अजून जागच्या जागी आहे, ती पाहायला विसरू नये.

पॅटरसनचा धबधबा ७७ फुटांचा आहे आणि तो चक्क भर शहरात कोसळतो. या पाण्यावर कारखाने चालवून देश स्वयंपूर्ण करावा, ही अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांची कल्पना होती आणि त्यासाठी १७९१ साली संस्था स्थापन होऊन हे औद्योगिक गाव वसवले गेले. पावसाळी दिवसानंतर जावे. पाण्याचे तुषार पुलापर्यंत येतात, तेव्हा पुस्तिका पिशवीतच ठेवावी.

दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क, तिसऱ्या दिवशी मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्डचे शस्त्रागार आणि काँकॉर्ड, चौथ्या दिवशी लोवेल आणि वेळ उरलाच तर सेलम. परतीचा प्रवास पाचव्या दिवशी सकाळी ठेवला तर जीव थकत नाही.

एका दिवसात किती शिक्के घ्यावेत?

दोन, फार तर तीन. हाइड पार्कला रूझवेल्ट यांचे घर, त्यांच्या पत्नी एलिनॉर यांचे वॅल-किल हे घर आणि व्हँडरबिल्ट यांचा प्रासाद अशी तीन स्वतंत्र स्थळे काही मैलांच्या परिसरात आहेत, त्यामुळे तिथे तीन सहज होतात. परंतु वॉशिंग्टन शहरात एका दिवसात पंधरा-वीस शिक्के घेता येतात म्हणून ते घेणे योग्य ठरत नाही. आमच्या पुस्तिकेत एके वर्षीच्या एकाच शनिवारचे अकरा शिक्के आहेत आणि त्यांपैकी सात ठिकाणी आम्ही काय पाहिले ते आज सांगता येत नाही. ती दोन पाने उघडली की मला वाईट वाटते. तेव्हापासून आम्ही घरात नियम केला आहे की आधी स्थळ पाहायचे, रेंजरचे, म्हणजे तिथल्या उद्यान सेवेच्या कर्मचाऱ्याचे, बोलणे ऐकायचे आणि निघताना शिक्का घ्यायचा. फक्त व्हिजिटर सेंटर लवकर बंद होणार असेल, तर क्रम उलटा करावा.

शिक्का स्वच्छ उमटत नाही. काय करावे?

घाई हेच त्याचे मुख्य कारण असते. काउंटरवर कोरे कागद ठेवलेले असतात. त्यांवर आधी एक-दोनदा शिक्का मारून पाहावा. त्यावरून शाई किती आहे, शिक्का किंचित तिरका बसतो का आणि तारीख आजची आहे का, या तिन्ही गोष्टी कळतात. तारखेची चाके हाताने फिरवावी लागतात आणि सकाळी ती फिरवायची राहून जाते, हे फार वेळा घडते. तारीख चुकीची दिसल्यास स्वतः चाक फिरवू लागण्यापेक्षा काउंटरवरच्या व्यक्तीला सांगावे. ते आनंदाने दुरुस्त करून देतात.

पुस्तिका पूर्ण उघडून सपाट ठेवावी, शिक्का सरळ खाली टेकवून दोन क्षण समान दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. शिक्का डोलवला की कड दुहेरी उमटते. नंतर पान लगेच मिटू नये. आमच्या पहिल्या वर्षी एका लहान स्थळी पाऊस सुरू झाला म्हणून मी ओला शिक्का तसाच मिटून गाडीकडे पळाले, आणि समोरच्या पानावर त्याची उलटी सावली कायमची उमटली. आता पुस्तिकेत टीपकागदाचा तुकडा असतो, शाळेत शाईच्या पेनासोबत ठेवत असू तसाच.

पुस्तिका घरी राहिली किंवा व्हिजिटर सेंटर बंद असले तर?

पुस्तिका विसरल्यास कोऱ्या कागदावर शिक्का घ्यावा आणि घरी आल्यावर तो कापून योग्य पानावर चिकटवावा. ही पद्धत सर्वमान्य आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. स्थळ बंद असल्यास मात्र पर्याय मर्यादित असतात. कित्येक ऐतिहासिक घरे हिवाळ्यात बंद असतात किंवा आठवड्यातले काहीच दिवस उघडी असतात, आणि सरकारी खर्चाची मंजुरी अडकली तर २०२५ च्या शरद ऋतूत झाले तसे व्हिजिटर सेंटर आठवडेच्या आठवडे बंद राहू शकतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर त्या स्थळाच्या पानावरील सूचना वाचणे, हा सहलीच्या तयारीचा भाग मानावा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले पोलिश सेनानी थॅडियस कोश्चुश्को यांचे फिलाडेल्फियातील स्मारक हे उद्यान सेवेचे सर्वांत लहान स्थळ आहे, ते जिथे राहिले ते एक घर एवढेच. त्याच्या बंद दारावरून आम्ही दोनदा परत आलो आणि तिसऱ्यांदा आत गेलो.

आईवडिलांच्या खऱ्या पासपोर्टवर हा शिक्का चालेल का?

मुळीच नाही. हा प्रश्न विचारला जातो याचे कारण म्हणजे ‘पासपोर्ट’ हे नाव ऐकून वडीलधारी मंडळी खरोखरच आपला भारतीय पासपोर्ट पुढे करतात. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे. त्याच्या पानावर अनधिकृत शिक्का किंवा खूण असल्यास पुढे विमानतळावर किंवा व्हिसाच्या वेळी अडचण येऊ शकते. त्यांच्यासाठी वेगळी पुस्तिका किंवा एखादी साधी वही घ्यावी. परत गेल्यावर ती वही सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवली जाते, हा आमचा अनुभव आहे.

प्रवेशशुल्क किती पडते?

बहुसंख्य स्थळांवर काहीच पडत नाही. शुल्क असलेली स्थळे एकूण संख्येच्या साधारण चौथा हिस्सा आहेत. शुल्क असलेल्या चार-पाच ठिकाणी वर्षभरात जाणार असाल, तर वार्षिक पास परवडतो. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते. वार्षिक पासात प्रवेश येतो. घर आतून दाखवणाऱ्या मार्गदर्शित फेरीचे तिकीट काही ठिकाणी वेगळे काढावे लागते. अनेक ठिकाणी रोख रक्कम स्वीकारत नाहीत, कार्ड जवळ असावे.

भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. २०२६ पासून अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास ८० डॉलरला, तर परदेशी पाहुण्यांसाठी २५० डॉलरला झाला आहे, आणि यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅनियन अशा गर्दीच्या अकरा उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात. ज्येष्ठ नागरिकांचा सवलतीचा पास केवळ अमेरिकी नागरिक आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना मिळतो, पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मिळत नाही. पूर्वेकडील ऐतिहासिक स्थळे त्या अकरांत नाहीतच, हे आमचा मार्ग सुचवण्याचे आणखी एक कारण.

मुले कंटाळतात. त्यांच्यासाठी काय असते?

‘ज्युनियर रेंजर’ची पुस्तिका मागावी. तीत त्या स्थळावरची कोडी, चित्रे आणि प्रश्न असतात. उत्तरे लिहून रेंजरकडे नेली की तो ती खरोखर तपासतो, उजवा हात वर करायला लावून शपथ देतो आणि बिल्ला लावतो. अनेक ठिकाणी मोठ्यांनाही ही पुस्तिका देतात. एक विनंती मात्र अवश्य आहे की उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत. आईवडील भराभर उत्तरे सांगून काम उरकतात आणि मूल बिल्ल्यापुरते उरते, हे पाहवत नाही.

लोवेलमध्ये पाहण्यासारखे काय आहे?

माझ्या मते या संपूर्ण मार्गावर मराठी माणसाने सर्वाधिक वेळ द्यावा असे हे ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकात येथे नदीचे पाणी कालव्यांतून वळवून कापडगिरण्या चालवल्या गेल्या. न्यू इंग्लंडच्या शेतांवरून आलेल्या तरुण मुली येथे वसतिगृहांत राहून मागांवर काम करत आणि १८३४ साली मजुरी कापली गेली तेव्हा, तसेच १८३६ साली वसतिगृहाचे भाडे वाढले तेव्हा त्यांनी संप केले. या गिरण्यांचा कापूस दक्षिणेकडील गुलामांच्या श्रमाचा होता, ही गोष्टही संग्रहालय लपवत नाही. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे नाकेबंदीत अडकली आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांनी कापसासाठी मुंबईकडे तोंड वळवले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचा भाव गगनाला भिडला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरून बँका आणि कंपन्या बुडाल्या. गेटिसबर्ग किंवा अँटिटमचे रणांगण पाहताना हा धागा मनात ठेवला, तर ते युद्ध परके वाटत नाही.

बूट कॉटन मिल्सच्या तळमजल्यावर जुने माग आजही चालवून दाखवतात. आत शिरण्यापूर्वी कानात घालण्यासाठी बोळे देतात, कारण सगळे माग सुरू नसतानाही जमीन हादरते. माझे वडील मुंबईतल्या एका गिरणीत १९८२ च्या संपापर्यंत साचेखात्यात होते. त्यांनी बोळे हातातच ठेवले. बराच वेळ ते एकाच मागापाशी उभे राहिले आणि मग नातीला हाताने खुणा करून धोटा कसा जातो, तार तुटली की साचेवाल्याला ती आवाजावरून कशी कळते, हे सांगू लागले. त्या गोंगाटात तिला किती ऐकू आले कोण जाणे. बाहेर आल्यावर त्यांनी आपल्या खिशातल्या डायरीत शिक्का मारून घेतला आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात तीच तारीख पुन्हा लिहिली.

गाडी नाही, तरीही काही करता येईल का?

न्यूयॉर्क शहरात भुयारी रेल्वेने आठ-दहा शिक्के होतात. त्यांपैकी एक आवर्जून घ्यावा तो मॅनहटनच्या वरच्या भागातील जनरल ग्रँट यांच्या स्मारकाचा. यादवी युद्धाचे सेनापती आणि नंतरचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट जगप्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला उतरले होते. त्यांचे हे समाधिस्थळ १८९७ साली खुले झाले. तिथून चालत दहा मिनिटांवर कोलंबिया विद्यापीठ आहे, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले. बाबासाहेब न्यूयॉर्कला आले तेव्हा हे स्मारक सोळा वर्षांचे होते. विद्यापीठात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. दोन्ही ठिकाणे एकाच दुपारी होतात. दक्षिणेकडे अटलांटाला कधी गेलात, तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्थळी व्हिजिटर सेंटरच्या बाहेर महात्मा गांधींचा पुतळा आहे, तिथलाही शिक्का घ्यावा.

वाटेत जेवणाची सोय कशी करावी?

तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर असली की प्रश्न उरत नाही. बहुतेक स्थळांवर झाडाखाली लाकडी बाके असतात. पुस्तिका हाताळण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. तेलाचा डाग पडलेल्या कागदावर शाई धरत नाही.

एकाच ठिकाणी चार-पाच शिक्के ठेवलेले असतात. सगळे घ्यावेत का?

एखाद्या स्थळावरून ऐतिहासिक मार्ग जात असेल किंवा ते मोठ्या वारसा-क्षेत्रात मोडत असेल, तर त्यांचेही शिक्के तिथेच असतात. लहान पुस्तिकेतील पाने पाहता पाहता भरतात. मुख्य शिक्का पुस्तिकेत आणि इतर जोडवहीत, अशी आमची पद्धत आहे. पाने काढता-घालता येणारी मोठी आवृत्तीही मिळते, परंतु ती जड आहे आणि मुलांच्या हाती देता येत नाही.

जिथे शिक्का नाही, पण जावे असे वाटते, त्या ठिकाणांचे काय?

त्यासाठी आमच्या जोडवहीची शेवटची पाने राखलेली आहेत. हाइड पार्कहून दक्षिणेला थोड्याच अंतरावर पकीप्सी हे गाव आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या रक्षेवर उभारलेली स्मृतिशिला आहे. अठराव्या वर्षी, १८८३ साली त्या अमेरिकेत आल्या, न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे आली, ती त्यांनी आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली.

हे स्थळ उद्यान सेवेचे नाही. तिथे ना व्हिजिटर सेंटर आहे ना शाईची गादी. दफनभूमी विस्तीर्ण आहे, त्यामुळे आधी कार्यालयात चौकशी करावी आणि दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे. दगडावर त्यांचे नाव, वैद्यकीय पदवी आणि १८६५–१८८७ ही साले कोरलेली आहेत, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेल्या पहिल्या ब्राह्मण स्त्रीचा हा दगड आहे असा उल्लेख आहे. आमची मुलगी पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा आठ वर्षांची होती. शिक्का कुठे आहे, असे तिने विचारले. नाही म्हटल्यावर तिने वहीत पेन्सिलीने एक वर्तुळ काढले, वरच्या कमानीत देवनागरीत आनंदीबाईंचे नाव लिहिले, खालच्या कमानीत पकीप्सी, न्यूयॉर्क, आणि मधोमध त्या दिवसाची तारीख.